मल्लव्वाचं वाक्य

चौथ्या वेळी मल्लव्वानं ते वाक्य अगदी बरोबर म्हटलं, आणि ती उठून निघून गेली.

बिराजदार सरांना आधी काहीच वाटलं नाही. म्हणजे वाटलं ते समाधानच. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला एखादा ‘झ’ जागेवर बसला की वाटतं तसलं. त्यांनी फळ्याकडे वळून खडूनं वाक्य लिहिलं, माझं गाव नाही, वर सरळ शिरोरेषा ओढली, आणि वळून पाहतात तर खिडकीखालची तिची जागा रिकामी. घोंगडी नाही, काठी नाही. बाहेर व्हरांड्यात काठीचा आवाज लांब लांब जात होता. ‘‘हं, आता कोण?’’ सर म्हणाले. कुंभारीहून बसनं येणाऱ्या विडी वळणाऱ्या बायका तेलुगूत कुजबुजत होत्या. टॉवेलच्या कारखान्यातले दोन ओडिया कामगार वहीत मान घालून बसले होते. शेवटी गुरम्मा, त्या विडीवाल्या बायकांतली सगळ्यात धीट, बसल्या जागेवरून म्हणाली, ‘‘सार, ते बाई रडत गेला.’’ ‘‘ती बाई रडत गेली,’’ सर म्हणाले. आणि सवयीनं एवढं दुरुस्त करून झाल्यावर मग कुठं गुरम्मा काय म्हणाली ते त्यांच्या कानात शिरलं.

झालं होतं एवढंच. प्रत्येकानं उभं राहून दोन वाक्यं सांगायची, नाव आणि गाव. मल्लव्वा तीन आठवडे वर्गात यायची. भिंतीला टेकून, पट्टी बांधलेला पाय पुढं पसरून बसायची, आणि तोंडातून अक्षर काढायची नाही. त्या दिवशी कशी कोण जाणे, आपण होऊन काठीवर भार देत उभी राहिली. ‘‘माजं नाव मल्लव्वा. माजं गाव न्हाय.’’ सरांना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर थाप मारली. ‘‘शाब्बास! फक्त माजं नव्हे, माझं. न्हाय नव्हे, नाही. दुसरं वाक्य पुन्हा म्हणा.’’ तिनं म्हटलं. ‘झ’ चुकला. पुन्हा म्हटलं. आवाज खाली गेला. ‘‘मोठ्यानं म्हणा आजी, शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.’’ आणि तिनं मोठ्यानं म्हटलं. पंचवीस-तीस माणसांच्या देखत, उभं करून, सत्तरीच्या बाईकडून आपण चार वेळा वदवून घेतलं की तिला गाव नाही. आणि दर वेळी म्हणालो, पुन्हा. हे सरांना तिथंच, फळ्यापाशी, हातातल्या खडूची भुकटी बोटांवर कोरडी कोरडी होत असताना समजलं. त्यांनी फळा पुसला. पुसल्यावरही अक्षरं दिसत राहिली, कारण तो फळा जुना होता आणि ओल्या फडक्याशिवाय धड पुसला जात नसे.

त्याच वेळी सिस्टर दारात आली. हातात स्टीलचा ट्रे, त्यात कापूस, चिमटा, औषधाची बाटली. ‘‘मल्लव्वा कुठंय? पट्टी बदलायचीय.’’ सिस्टर म्हणजे एस्तेरबाई. उभी हयात नर्स म्हणून काढली, म्हणून सगळं ‘शेजार’ तिला सिस्टरच म्हणे. चर्चच्या मागं पूर्वी मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर होतं, पत्र्याच्या छपराचं, ते तिनं चर्चकडून मागून घेतलं आणि दारावर ‘शेजार’ एवढीच पाटी लावली. सकाळी सात वाजता तिथं चूल पेटायची. स्टेशनबाहेर, दवाखान्याच्या भिंतीलगत, नवी पेठेतल्या दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणारी माणसं एकेक करून यायची. आधी बादलीभर गरम पाणी आणि साबण, मग धुतलेले कपडे, मग भाकरी, आमटी, शेंगाची चटणी. जेवणाआधी सिस्टर दोन ओळींची प्रार्थना म्हणायची, ती संपेपर्यंत आमटीवर साय धरायची नाही इतकी छोटी. अकरा वाजता वर्ग. ज्याला मराठी शिकायची त्यानं बसावं. बसची पाटी वाचता यावी, दवाखान्याचा कागद कळावा, सही करता यावी. कोणी कुठून आला, घर का सुटलं, हे सिस्टर कधी विचारायची नाही. सर पहिल्यांदा तिथं जुनी पाठ्यपुस्तकं द्यायला आले होते, आणि मनात थोडा संशय घेऊनच आले होते, कारण चर्चचं म्हणून गल्लीतले लोक काय काय बोलत. पण त्या दिवशी त्यांनी पाहिलं, सिस्टर एका माणसाची पायाची नखं कापत होती. तो माणूस शिव्या देत होता, आणि ती ‘‘हं, हं, हा अंगठा झाला की शेवटची एक द्या,’’ असं म्हणत होती. सर पुस्तकं ठेवून निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःचा खडूचा डबा घेऊन आले.

आता ते तिला काय सांगणार? ‘‘गेली,’’ म्हणाले. ‘‘येईल,’’ सिस्टर म्हणाली, आणि ट्रे झाकून ठेवला.

दुपारी नवी पेठेतून चालत घरी जाताना सरांना ऊन लागत होतं, पण ते सावलीच्या बाजूला गेले नाहीत. कापडाच्या दुकानांतून ‘‘या काका, या ताई’’ चाललं होतं, रिक्षांचे हॉर्न, दागिन्यांच्या दुकानाच्या काचेवर उन्हाची तिरीप. आणि या सगळ्यातून त्यांना मल्लव्वाचा चेहरा दिसत होता. म्हणजे चेहरा नव्हे, एक बघणं. वाक्य म्हणण्याआधी तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं. दर वेळी. आपण आता चुकणार, हे आधीच माहीत असल्यासारखं. हे बघणं सरांच्या ओळखीचं होतं. कुठलं ते त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक आहे हे त्यांना कबूल करायचं नव्हतं. म्हणून ते एका दुकानापुढं थांबले, विनाकारण टॉवेलाची किंमत विचारली, आणि उत्तर न ऐकताच पुढं निघाले.

अव्वा तशी बघायची. त्यांची आई. अक्कलकोटच्या पलीकडची, तोंडात कानडी; गिरणीत कामाला असलेल्या नवऱ्यामागोमाग सोलापुरात आली, आणि तिची मराठी म्हणजे भाजी घेण्यापुरती. पण बोलायला तिला कसलीच अडचण पडायची नाही. दोन भाषा एकत्र करून, हातवारे करून, हसून ती अख्ख्या चाळीशी बोलायची. संगमेश, म्हणजे सर, नववीत असताना वक्तृत्वात पहिला आला, ढाल घेऊन घरी आला, आणि त्या दिवसापासून घरात मास्तर झाला. ‘‘अव्वा, चहा आली नव्हे, चहा आला.’’ ‘‘अव्वा, मी गेलो नव्हे, मी गेले.’’ वडिलांना कौतुक. पाहुण्यांदेखत तो तिला वाक्यं म्हणायला लावायचा आणि पाहुणे हसायचे. तीही हसायची, पहिल्या पहिल्यांदा. मग ती बोलण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. मग बोलणं कमी झालं. सून आली ती पुण्याकडची. घर सगळं मराठी झालं आणि अव्वा स्वयंपाकघरातल्या बांगड्यांच्या आवाजापुरती उरली. दुधाचं पातेलं उतू जाताना ती त्या पातेल्याशीच कानडीत बोलायची, ते सरांनी कितीदा तरी ऐकलं होतं, आणि तिथंच सोडून दिलं होतं. ती गेल्यावर वर्तमानपत्रातला मजकूर त्यांनीच लिहिला. शांत, अबोल स्वभावाच्या होत्या, असं लिहिलं. एकही चूक नव्हती त्यात. सगळ्यांनी सांगितलं, सर, किती नेमकं लिहिलंत. अबोल. जिनं भर पावसात छत्री मिटून शेजारणीशी तासभर गप्पा मारल्या होत्या ती बाई अबोल. सर रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. कोणी तरी विचारलं, ‘‘काका, पाणी देऊ का?’’ त्यांनी नको म्हणून हात हलवला.

दुसऱ्या दिवशी मल्लव्वा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सिस्टरनं ट्रे झाकला आणि ती सरांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, ‘‘तिला शुगर आहे सर. करंगळीच्या बाजूला जखम आहे ती रोज धुवावी लागते. चार-पाच दिवस गेले तर पाय जातो.’’ सरांनी तेव्हा सांगून टाकलं. उभ्यानं, चुकलेल्या मुलासारखं, सगळं. चार वेळा म्हणायला लावलं हेसुद्धा. त्यांना वाटलं, आता ती म्हणेल, उद्यापासून येऊ नका. खरं तर त्यांना तेच हवं होतं. ते सोपं होतं.

सिस्टर खुर्चीवर बसली. तिच्या पायात कॅनव्हासचे बूट होते, त्यांची लेस सुटली होती, ती तिनं आधी बांधली. ‘‘एक माणूस यायचा इथं,’’ ती म्हणाली. ‘‘केस कमरेपर्यंत, जटा झालेल्या, उवा पडलेल्या. मी त्याला आंघोळीला बसवला आणि कात्री चालवली. विचारलं नाही. मला वाटलं, नर्स आहे मी, मला कळतं. पुसून झाल्यावर त्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं, सर... तो परत आला नाही. आठ वर्षं झाली. रोज सकाळी त्याचं नाव घेते देवापुढं. त्याचं खरं नावही मला ठाऊक नाही, आम्ही त्याला श्रीमंत म्हणायचो.’’ ती उठली. ‘‘तुमचं बरं आहे. तुमचा तिसराच दिवस आहे. शोधायला जा.’’

‘‘कुठं शोधू?’’

‘‘ते धोंडीरामला विचारा. मला भाकऱ्या वाढायच्यात.’’

धोंडीराम म्हणजे मंद्रूपकडचा, पूर्वी यंत्रमागावर होता. कारखाना बंद पडला, मग घरही राहिलं नाही, आता स्टेशनबाहेर झोपायचा आणि सकाळी ‘शेजार’मध्ये लाकडं फोडून द्यायचा. त्याच्या कानात मागाचा खडखडाट कायमचा बसला होता, म्हणून तो ओरडून बोलायचा. दोघे निघाले. स्टेशन, एसटी स्टँड, दवाखान्याची भिंत. जिथं जावं तिथं धोंडीरामला ओळखणारं कोणी तरी उठून बसायचं, ‘‘राम राम धोंडबा’’ म्हणायचं, आणि सरांना अचंबा वाटायचा की जन्म गेला या गावात, आणि या सगळ्या पायऱ्यांवर, कट्ट्यांवर, झाडांखाली एक दुसरंच गाव वसलंय, ज्याला आपली खबर आहे आणि आपल्याला त्याची नाही. एका म्हाताऱ्यानं सरांना बसायला पुठ्ठा झटकून दिला. स्वतः जमिनीवर सरकला. सर त्या पुठ्ठ्यावर बसले, आणि एवढा आदर त्यांना निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता असं त्यांना वाटलं.

मल्लव्वा मात्र कुठंच नव्हती. दुपारी चारच्या सुमाराला धोंडीराम एकदम थांबला. ‘‘सर, तिच्यापाशी काय सामान व्हतं?’’

‘‘घोंगडी. काठी.’’

‘‘घोंगडी कसली? दुकानातली का हातची?’’

सरांना आठवलं, काळी, जाड, कडेला पांढरा पट्टा असलेली. जवळ बसलं की तिला लोकरीचा वास यायचा. ‘‘हातची.’’

‘‘मग आपण येड्यावानी शहरात हुडकतोय की!’’ धोंडीराम ओरडला. ‘‘ती मेंढरामागची बाई हाय. चला मंद्रूपच्या रस्त्याला. तितं रानात मेंढरांचं वाडे बसल्यात.’’

रिक्षा शहराबाहेर पडली तशी हवा बदलली. बाजरी काढून झालेली मोकळी रानं, आणि त्यांत मेंढरांचे कळप बसवलेले, खतासाठी. पहिल्या कळपापाशी कोणी काही सांगू शकलं नाही. दुसऱ्यापाशी लाल मुंडाशाचा मेंढपाळ तिप्पण्णा पुढं आला. ‘‘व्हय, आलिया येक म्हातारी परवा. वळखीची न्हाय. कोकराजवळ बसू द्या म्हनली, बसवली. पर काल धरनं जेवत न्हाय ती. आंग तापलंय.’’ त्यानं बोट दाखवलं. जाळीच्या कुंपणात आठ-दहा कोकरं होती आणि त्यांना लागून, घोंगडीत, मल्लव्वा पडली होती. पायाची पट्टी मातीनं काळी झालेली. पाय घोट्यापर्यंत सुजलेला. एक कोकरू तिच्या पाठीला चिकटून झोपलं होतं.

सर गुडघ्यांवर बसले. रिक्षात त्यांनी मनात वाक्य जुळवलं होतं, नीट, क्षमेचं, व्याकरणशुद्ध. ते कुठं गेलं कोण जाणे. मल्लव्वानं डोळे उघडले आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तसंच, आणि सरांच्या तोंडून जे आलं ते पंचवीस वर्षांत त्यांनी कोणाशीच उच्चारलं नव्हतं. ‘‘अव्वा,’’ ते म्हणाले, ‘‘तप्पायतु.’’ माझं चुकलं. एवढीच कानडी आली. पुढचे शब्द आतल्या आत खोल कुठं तरी होते, हाताला लागत नव्हते.

मल्लव्वानं कोपरावर भार देत मान उचलली. तिच्या ओठांना कोरड पडली होती. मग तिनं हळूच विचारलं, ‘‘ऊटा आयतेनु?’’

जेवण झालं का. तापानं फणफणलेली, दोन दिवसांची उपाशी बाई त्यांना विचारत होती, तुझं जेवण झालं का. सरांचं खरोखरच जेवण झालं नव्हतं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, आणि मग त्यांना मान वर करता येईना. तिप्पण्णाच्या बायकोनं काही न विचारता दोन भाकरी आणल्या. मल्लव्वानं तुकडा मोडला तो सरांनी खाल्ल्यावर.

धोंडीरामनं सिस्टरला फोन लावायला सांगितलं. अर्ध्या तासात ती आली, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, ट्रे मांडीवर धरून. पट्टी सोडली. वास आला तसे धोंडीराम आणि सर दोघेही नकळत मागं झाले. सिस्टर पुढं झाली. खाली वाकून पाहिलं, बोटांना चिमटा घेतला, आणि मल्लव्वाशी आपल्या मोडक्यातोडक्या कानडीत काही बोलली. एवढं चुकीचं की त्या तापातही मल्लव्वाला हसू आलं. ‘‘असं न्हाय म्हनत, शिस्टर.’’ ‘‘मग कसं म्हणतात? सांगा, सांगा,’’ सिस्टर म्हणत होती, आणि बोलता बोलता तिचे हात जखम धूत होते. सरांना आठवलं, एकदा त्यांनी तिला विचारलं होतं, बाई, तुम्हाला भाषा तरी किती येतात? ती म्हणाली होती, एकही धड येत नाही सर, म्हणून सगळे माझ्याशी बोलतात. तेव्हा त्यांना तो विनोद वाटला होता. ‘‘आत्ता दवाखान्यात न्यायचं,’’ सिस्टर उभी राहत म्हणाली. ‘‘उद्या नाही. आत्ता.’’

दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. मल्लव्वा अठरा दिवस दवाखान्यात होती आणि सर रोज दुपारी डबा घेऊन जायचे. सांगायला काही नसायचं, म्हणून ते तिला कानडी शब्द विचारायचे. शेळीला ते ‘कुरी’ म्हणाले तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘कुरी म्हंजी मेंढरू! शेळी म्हंजी आडु. येवडं शिकल्याला मानूस, आन् शेळी ठाव न्हाय!’’ शेजारच्या खाटेवरच्या बायका हसल्या. सरही हसले, आणि हसता हसता त्यांना अव्वाच्या पहिल्या दिवसांतलं हसू आतून कळलं, त्यात किती गिळलेलं होतं ते. आपल्यावर ती कधी रागावली असेल का, हे आता कळण्याचा काही मार्ग नव्हता. सिस्टर रोज सकाळी जे करते ते करावं, असं त्यांच्या मनात आलं. देवावर त्यांचा तसा फारसा भरवसा नव्हता. त्यांनी नुसतं नाव घेतलं. गौरव्वा. आईचं नाव मोठ्यानं उच्चारायची त्यांना कधी वेळच आली नव्हती.

मल्लव्वा ‘शेजार’मध्ये परतली ती बायकांच्या खोलीत खाट मिळून. वर्गात ती पुन्हा आली नाही. सरांनी बोलावलं नाही. वर्गाची रीत मात्र त्यांनी बदलली. आता ते फळ्यावर फारसं लिहीत नसत. माणसं आपापल्या मराठीत बोलायची, आणि सर खाली सतरंजीवर बसून ऐकायचे, आणि शेवटी विचारायचे, कोणाला काही नीट करून हवंय का? पुष्कळांना हवं असायचं. मागून घेतलेली दुरुस्ती माणसं किती खुशीनं घेतात, हे बघून ते चकित व्हायचे. गुरम्मा तर घरून चुका लिहून आणायची.

मार्गशीर्षातली एक सकाळ. सिस्टरच्या मदतीला असणारी बाई आली नव्हती. व्हरांड्यात कोवळं ऊन होतं, मल्लव्वा बाकावर बसली होती, आणि सर वर्गाकडे निघाले होते तेवढ्यात सिस्टर म्हणाली, ‘‘सर, जरा पाय धरता का? मला दोन्ही हात लागतील.’’

‘‘नगा, सर, तुमी नगा,’’ मल्लव्वा पाय ओढून घेत म्हणाली. सर खाली फरशीवर बसले. चष्मा काढून खिशात ठेवला आणि टाच तळहातावर घेतली. ती गरम होती, खरखरीत, भेगाळलेली, आणि अपेक्षेपेक्षा जड होती. उभ्या आयुष्यात त्यांनी असा कोणाचा पाय हातात घेतला नव्हता. सिस्टर कोमट पाणी सोडत होती, ते त्यांच्या बोटांमधून ओघळून परातीत पडत होतं. मल्लव्वा आधी आखडून बसली. मग पाय हळूहळू सैल झाला, त्याचा सगळा भार त्यांच्या हातावर आला, आणि ती बोलायला लागली, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. तिची एक काळी शेळी होती, पहिलटकरीण, आडरानात अडली, आसपास माणूस नाही, आणि वरून ढग भरून आलेले. अकराची घंटा झाली. वर्गात माणसं बसल्याचा आवाज आला, आणि मग कोणाची वाट न बघता गुरम्मानं फळ्यावर काही लिहून सगळ्यांना वाचायला लावलं. तिचा आवाज खणखणीत होता. सिस्टरनं सरांकडे पाहिलं, उठायचंय का, असं. सरांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचा हात अवघडला होता, गुडघ्यात कळ होती, पण मल्लव्वाची शेळी अजून अडलेलीच होती, आणि ती सुटल्याशिवाय त्यांना उठता येणार नव्हतं.